कानामागे पंजा

नाही चाचा, नाच नको. कुस्तीपण नको. आधी तो डमरू खाली ठेवा बरं — वाजवू नका, अख्खी कॉलनी गोळा होईल, आत्ता दुपारची सगळी झोपलीत तेच बरंय. इकडे या, टाकीच्या मागे, लिंबाखाली, इथून रस्ता दिसत नाही. अस्वलालापण आणा ना, मी घाबरत नाही. म्हणजे घाबरते, पण आणा. चावत नाही ना? — दात काढलेत? सगळे? अगं बाई! मग खातो काय बिचारा? — बरं, भाकरी कुस्करून देते, दूध नाही पण ताक आहे. हे घमेलं बघा, पाणी भरूनच ठेवलंय, सकाळपासून तुमचीच वाट बघतेय. काल पलीकडच्या वस्तीतून डमरू ऐकला तेव्हाच ठरवलं, उद्या हा माणूस इकडून जाणार आणि आपण हाक मारायची. मालेगावकडून आलात ना? चालत? एवढ्या उन्हात, हायवेने? तुमच्या पायात चपला तरी आहेत, याचं काय. नाव काय याचं? — बादल. छान आहे. पण आजच्यापुरतं ते नाव नाही घ्यायचं. सांगते, सांगते, बसा तर खरं.

त्याचा केस? हो, केसपण हवाय, पण ते शेवटी. आणि हळू बोला. खिडकीतून भिंतीवरचे फोटो दिसतायत ना — बाबासाहेब, आणि शेजारी बुद्ध? मग समजा. आमच्यात ताईत-गंडा चालत नाही. शपथ घेऊन सोडलंय आमच्या माणसांनी हे सगळं. आमचे हे, विशूचे पप्पा, तर विहाराच्या कमिटीवर आहेत, दर पौर्णिमेला लोकांना हेच समजावतात, आणि चांगलं समजावतात हो, मलाही पटतं — मी सातवी शिकलेय, अगदीच अडाणी नाही. सासूबाई तिकडे निफाडला असतात, त्या मागे म्हणाल्या होत्या, 'अस्वलाचा क्यास बांध पोरीच्या गळ्यात, भ्या जातं, लय गुण हाय त्याला.' तर हे केवढे चिडले सख्ख्या आईवर! 'आई, एवढ्या कष्टाने बाहेर आलो आणि तू परत तिकडेच चाललीस?' म्हणाले. आणि आज मी त्यांच्या माघारी — अंबडला कंपनीत आहेत ते, पहिली पाळी, दुपार कलली की सायकल कोपऱ्यावर येते. त्याच्या आत तुम्ही गेलेले बरे. केस मी पोरीच्या फ्रॉकच्या पट्टीत शिवून टाकीन. गळ्यात नाही. पट्टीत कोण बघायला जातंय.

पण आधी दुसरं काम आहे, ते नीट ऐकून घ्या, आणि हसू नका. ही बघा टोपी. मीच शिवलीय. — तुमच्यासाठी नाही हो! याच्यासाठी. म्हटलं ना हसू नका. टीव्ही बघितलाय का कधी? — मुंबईला, हॉटेलात, क्रिकेट. बरं. तर त्याच टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी लहान मुलांचं लागायचं, त्यात एक अस्वल होतं. डुलूमामा. खरं अस्वल नाही, आत माणूस असतो म्हणतात, पण मला तरी कुठे माणूस दिसला नाही. डुलत डुलत यायचा — हा डुलतोय ना आत्ता, एका पायावरून दुसऱ्या पायावर, अगदी असाच. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, आवाज जाड, आणि सारखं काहीतरी हरवलेलं त्याचं. चष्मा नाकावर आणि हा शोधतोय गादीखाली. मग पोरांना विचारायचा, 'माझा चष्मा कुठे गेला रे?' आणि मग — हे महत्त्वाचं आहे चाचा — पंजा असा कानामागे धरायचा आणि गप्प उभा राहायचा. टीव्हीत काहीच व्हायचं नाही. गाणं नाही, काही नाही, नुसता उभा. पहिल्यांदा मला वाटलं, टीव्ही बिघडला. दारातून मी म्हटलंसुद्धा, 'सगुणाबाई, तुमचा अँटेना हललाय.'

सगुणाबाईंचा टीव्ही. ते कोपऱ्यातलं हिरव्या दाराचं घर त्यांचं, या लाइनीत टीव्ही तेवढा त्यांच्याकडेच. त्यांचे नियम कडक. पोरांनी सतरंजीवर बसायचं, मोठ्यांनी दारात उभं राहायचं, आणि कार्यक्रम लागला की मोठ्यांचं तोंड बंद. मला तर खास सांगायच्या, 'तुझा रेडिओ बंद कर गं बाई.' असं बोलतात त्या, मनात काही नसतं.

— हो, पोरीसाठीच. माझी विशू. विशाखा. येत्या पौर्णिमेला पाच वर्षांची होईल. ती बोलत नाही. मुकी नाही हो! तो शब्द नका काढू. लहान होती तेव्हा बोलायची — 'आई', 'पाणी', 'काऊ आला' — सगळं स्वच्छ. मग कमी कमी होत गेलं, उन्हाळ्यात नळाचं होतं ना तसं, धार बारीक होते, आणि आपल्याला रोज वाटतं, उद्या येईल. तिला ऐकू सगळं येतं. सांगितलेलं सगळं करते. भूक लागली की नुसती माझ्याकडे बघते, की मला कळतं, मी लगेच वाढते. तहान लागली, मला कळतं. झोप आली, मला कळतं. आईला नाही कळणार तर कोणाला? तोंड उघडायची वेळच येऊ देत नाही मी तिच्यावर. कोणी विचारलं, 'नाव काय गं बाळ?' तर पटकन मीच सांगते, उगाच चार माणसांत पोरीला लाज नको.

तर त्या गुरुवारी मी अशी दारात, चपला पायातच, आणि डुलूमामा विचारतोय, 'माझी टोपी कुठे गेली रे?' पंजा कानामागे. सगळी पोरं ओरडली, 'डोक्यावर! डोक्यावर!' ओरडून ओरडून गप्प झाली. आणि तो अजून उभाच. तसाच. आणि मग सगळं शांत झाल्यावर सतरंजीच्या मागच्या टोकाकडून आवाज आला, 'डोक्यावर आहे.' खरखरीत आवाज, कितीतरी दिवस न उघडलेल्या कडीसारखा. मला कळलंच नाही कोण बोललं. स्वतःच्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नाही, चाचा. आणि कळल्यावर मी जी आत घुसले — पोरांच्या अंगावर पाय देत, तिला उचललं, 'काय म्हणालीस? परत म्हण! आईला सांग! परत म्हण ना माझी बाई!' — तर गेलं. ओठ असे मिटून घेतले. सगुणाबाई चपलांवरून ओरडल्या ते वेगळंच. पण पुढच्या गुरुवारी परत बोलली. त्याच्या पुढच्याही. फक्त त्याच्याशी. 'खिडकीत आहे.' 'पलंगाखाली बघ.' एकदा तर त्याला म्हणाली, 'असू दे, दुसरं आणू.' मी दाराच्या चौकटीला धरून उभी. मला वाटायचं टीव्हीत हात घालावा आणि त्याला ओढून घरी आणावा.

आणि संपलं ते. दिवाळीनंतर. शेवटच्या दिवशी त्याने गाठोडं बांधलं, म्हणाला, 'मी जंगलात चाललो, आठवण आली की येईन', आणि गेला डुलत डुलत. बाकीची पोरं दोन दिवस रडली आणि विसरली. माझी रडली नाही आणि विसरलीही नाही. अजून दर गुरुवारी जाऊन बसते तिथे, टीव्हीला लाकडी दारं आहेत, कुलूप असतं त्यांना, त्या दारांसमोर. परवा नळावर सगुणाबाई मला म्हणतात, 'बंद खोक्याशी डोळे लावून बसते गं पोर तुझी, मला माझ्याच घरात भीती वाटते.' मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पुष्कळ बोलले, पण मला बोलायचं होतं ते नाही बोलले.

म्हणून आज सकाळी तिला सांगून टाकलं — डुलूमामा येणार आहे. आपल्याकडे. दुपारी. आंघोळ घातली, रिबिनी बांधल्या, खिडकीशी बसवलं. नका असं बघू माझ्याकडे. मला माहितीय हा तो नाही. पण तिला कुठे — लहान आहे ती. टोपी घातली की अस्वल ते अस्वल. रंग लाल धरलाय मी. खरा कोणता होता कोणास ठाऊक, सगुणाबाईंचा टीव्ही काळा-पांढरा. तिलाच विचारलं मी, 'कसली गं टोपी त्याची, लाल ना?' आणि मीच म्हटलं, 'हो, लालच.' घ्या, घाला त्याला. इलॅस्टिक लावलंय, हनुवटीखालून घ्या. — राहत नाही? मोठी झाली का? कान कसा सारखा झटकतोय, माशा बसतायत त्याला. मी वारते थांबा. आता पंजाचं बघू. सलाम करतो म्हणालात ना? मग सलामाचा पंजा जरासा मागे न्यायचा, कानाकडे, आणि धरून ठेवायचा, एवढंच. दाखवा ना त्याला. — अहो, दोरी ओढू नका! दोरी नका ओढू, बघा कसे डोळे मिटून घेतो. ती नाकातनंच गेलीय का? आरपार? — लहान असतानाच करतात? — असू दे. नका सांगू मला. नको पंजा. राहू दे पंजा.

पण मग काय करू मी? परवा सोमवार आहे. शाळेत घालायला घेऊन गेले होते हिला, तिथल्या बाई चांगल्या आहेत, प्रेमाने जवळ घेतलं, म्हणाल्या, 'नाव सांग बरं तुझं.' मी म्हटलं, 'विशाखा.' बाई म्हणाल्या, 'तिला सांगू द्या.' मी म्हटलं, 'सांगते हो ती, जरा लाजते, विशाखा नाव आहे तिचं, घरात आम्ही विशू म्हणतो, नक्षत्रावरून नाही ठेवलं, बुद्धांच्या उपासिका होत्या ना विशाखा, त्यांच्यावरून...' बाईंनी हातच जोडले. म्हणाल्या, 'सोमवारपर्यंत वेळ घ्या. स्वतःच्या तोंडाने नुसतं नाव सांगितलं तरी मी घेते. नाहीतर तिची वेगळी शाळा असते, तिथे न्या.' ती शाळा पुण्याकडे आहे, चाचा. मुक्या-बहिऱ्या मुलांची. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, सुट्टीला घरी. विशूचे पप्पा तयार झालेत. वाईट नाहीत हो ते, ते म्हणतात, तिच्या भल्याचंच आहे, अडाणी नाही ठेवायची आपण पोर, काही झालं तरी शिकवायची. पत्र्याची पेटी आणलीय. रात्री बसून वरती तिचं नाव रंगवलं, आणि ब्रश धुताना मोरीत कितीतरी वेळ नळ नुसताच सोडून उभे होते. सोमवारी नाव नाही सांगितलं तर त्याच संध्याकाळची एस. टी. मला सांगा, रात्री पाणी हवं झालं तर तिथे कोणाकडे बघेल ती? तिच्या डोळ्यातलं कोणाला वाचता येणार?

— डॉक्टर? दाखवलं की. कान तपासले, जीभ बघितली, टाळू बघितली, म्हणे सगळं ठीक आहे. तिला विचारायला लागले, 'दुखतं का कुठे?' मी म्हटलं, 'नाही डॉक्टर, दुखत नाही.' 'खेळतेस का?' 'खेळते ना, भातुकली खेळते.' तर म्हणतात, 'बाई, तुम्ही जरा बाहेर बसा.' आईला बाहेर बसवतं का कोणी? आत पोर एकटी, तिला काही लागलं, काही झालं — नाही गेले मी बाहेर. तिला घेऊन सरळ घरी आले. परत गेलेच नाही तिथे.

— काय म्हणालात? — मी दम घेत नाही? सगळे हेच म्हणतात. विशूचे पप्पा म्हणतात, तू झोपेतसुद्धा बोलतेस. बोलत असेन. मला शांतता सहन होत नाही, चाचा. विशूच्या आधी एक मुलगा झाला होता मला. निफाडला, सासूबाईंकडे. झाला, आणि खोलीत सगळ्या गप्प झाल्या. सुईण गप्प, सासूबाई गप्प, शेजारची बाई कंदील धरून उभी होती ती गप्प. मी विचारतेय, काय झालं, मुलगा की मुलगी, रडत का नाही — एक बाई बोलेना. बाहेर कोणाचं तरी इंजिन चालू होतं मळ्यात, तेवढंच ऐकू येत होतं. ते इंजिनपण मग बंद झालं. तेव्हापासून कुठे गप्प झालं ना, की मला वाटतं, झालं. परत झालं. विशूच्या वेळी मी दवाखान्यात गेले आणि ती बाहेर आली-न आली तोच मी बोलत सुटले. नर्स ओरडली मला, 'अहो बाई, तिला रडू तर द्या!'

हे का सांगत बसले मी तुम्हाला? यांच्याशीसुद्धा कधी बोलले नाही हे. तुम्ही परके, उद्या पुढच्या गावी जाल, म्हणून असेल. सोडा. ऊन कललं बघा. टोपी कुठे गेली? — घमेल्यात पाडली याने. काय रे बाबा तू! भिजून चिंब. राहू दे, केसच द्या तुम्ही, पाठीवरचा काढा, हळूच, त्याला न दुखवता, आणि जा आता, ते येतील — अगंबाई.

विशू! बाहेर कशी आलीस तू? कडी कशी काढलीस गं? आणि पायात चप्पल नाही, पाय भाजतील ना, ये, सावलीत ये. बघ कोण आलंय! डुलूमामा! मी म्हटलं होतं ना? टोपी ना, टोपी भिजली त्याची, वाळत घालू आपण, लालच होती बघ. विचार ना त्याला, कधी आलास, कसा आलास — नमस्कार कर मामाला — ती लाजतेय चाचा, नवीन माणूस दिसला की असंच, पण मनातून खूप आनंद झालाय तिला, हो ना गं विशू, झालाय ना आनंद —

काय? — ओठांवर बोट काय ठेवताय? मी? — अहो, मी नाही बोलले तर ती घाबरेल, तिला सवय आहे माझ्या —

बरं.

— बरं म्हटलं ना.

... जवळ चाललीय. चाचा, धरा त्याला — नाही, नाही बोलत. ...

... कान खाजवतोय. माशी असेल. — पंजा कानामागेच राहिला त्याचा. ती नाकाकडे बघतेय. दोरीकडे. ...

'दुखतं का तुला?'

— असंच म्हणाली ना? तुम्ही ऐकलंत? नाही गं माझी राणी, त्याला काही दुखत नाही, सवय असते त्याला, लहानपणापासून —

...

नाही. मला नाही विचारलं तिने. त्याला विचारलंय.

तुम्हीपण बोलू नका, चाचा. दोरी सैल सोडा आणि थांबा. तो सांगेपर्यंत थांबू.